उन्हात घातलेली डोणी

काल सकाळी उळवीच्या जत्रेच्या गाड्या दारावरून गेल्या. घुंगुरमाळांचा आवाज पेठेच्या टोकाशी होता तेव्हाच मला ऐकू आला आणि मी परातीतली कणीक तशीच टाकून बाहेर आले. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं पिठाचे हात घेऊन रस्त्यावर उभं राहावं, हे आमच्या सूनबाईंना पसंत नाही. पण मला बघायचं असतं. यंदा बैलांच्या पाठीवर कसल्या झुली आहेत, गाडीत म्हातारी माणसं जास्त की पोरंसोरं, तव्याची काळी बाजू कुणाच्या लुगड्याला लागली आहे, हे सगळं मला पाहायचं असतं. एका गाडीच्या मागच्या बाजूला बांबूच्या करंड्यात कोंबडा बसला होता. जत्रेला कोंबडा कशाला नेतात हे विचारायला मी चार पावलं पुढं झाले, तोवर गाडी वळणावरून गेलीसुद्धा. आता वर्षभर तो कोंबडा माझ्या डोक्यात आरवत राहणार.

माझी ही खोड जुनी आहे. माझे वडील मूळचे खानापूरकडचे, पण मी सहा वर्षांची असताना त्यांनी सुप्यापलीकडच्या रानात, काळी नदीच्या काठावर, किराणा दुकान टाकलं. दुकान म्हणजे पुढं ओसरी, मागं दोन खोल्या आणि वर गवताचं छप्पर. सुप्याहून उळवीकडे जाणारी गाडीवाट आमच्या अंगणाला घासून जायची. मीठ, गूळ, तंबाखू, सुकी मिरची, आणि नवलाची वस्तू म्हणजे घासलेटचा डबा. गोव्याकडून मिठाचे बैल यायचे तेव्हा सगळ्या ओसरीला घामाचा आणि समुद्राचा वास यायचा. समुद्र मी पाहिला नव्हता, पण बैलांच्या पाठीवरच्या गोणींना नाक लावून मी तो कसा असेल ते ठरवून टाकलं होतं.

दुकानासमोर उतार, उतारावर करंजाची दाट झाडं, आणि त्यांच्याआड खाली, ओसरीवरून न दिसणारा थोरला कोंड. नदी तिथं वळताना थबकायची आणि तिचं पाणी खोल, हिरवं, गोल होऊन राहायचं. अशा जागेला तिकडे कोंड म्हणतात. हा थोरला, मग धाकटा कुठं आहे, असं मी आल्याआल्याच विचारलं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे जन्मभर थोरला कोंड, थोरला कोंड म्हणत आलेले, पण धाकट्याची चौकशी कुणी केली नव्हती. मला याचं इतकं आश्चर्य वाटलं की मी दोन दिवस काठाकाठानं वर जाऊन शोधत होते. आईनं तिसऱ्या दिवशी माझी वेणी धरून मला घरी आणलं.

कोंडाच्या पलीकडे पाच घरांची वस्ती होती. कुणब्यांची घरं, शेणानं सारवलेली, पुढं मांडव. भात आणि नाचणी पिकवायची आणि उरलेलं वर्ष रानात मजुरीला जायचं. माझी मैत्रीण जानकी त्यातल्या पहिल्या घरातली. तिचा आजा सोमा, त्याला दोन्ही काठांवरची सगळी पोरं सोमूअज्जा म्हणायची. अज्जाची डोणी होती. आंब्याचा अख्खा बुंधा कोरून केलेली होडी, पाच माणसं बसतील एवढी, आतून गुळगुळीत आणि बाहेरून कुऱ्हाडीच्या घावांनी खवल्याखवल्यांची. ती अज्जाच्या बापानं कोरली होती. त्या काळी झाडाला हात जोडून विचारलं की झाड मिळत असे. माझ्या लहानपणी रान सरकारी झालं होतं, मोठ्या बुंध्यांवर हातोड्याच्या खुणा उमटल्या होत्या, आणि नवी डोणी कोरायची गोष्ट कुणी स्वप्नातही काढत नव्हतं.

पावसाळ्यात चार महिने त्या पाच घरांना जगाशी बांधणारी दोरी म्हणजे ती डोणी. मीठ तीच नेई, औषध तीच नेई, बाळंतिणीसाठी सुईण तीच आणी. आणि जानकीला माझ्याकडे आणून सोडणारीही तीच.

दसऱ्यानंतर पाणी उतरायला लागे. पौषात वरच्या अंगाला दगड उघडे पडत आणि माणसं पाय न भिजवता पलीकडे जाऊ लागत. मग डोणीचं काम संपे, आणि ती दिसेनाशी होई. पहिली दोन वर्षं मला वाटलं, अज्जा ती घरी नेऊन ठेवतो. तिसऱ्या वर्षी, मी नऊ वर्षांची असताना, करंजाच्या सावलीत पाण्यावर ओणवी होऊन मासे बघत होते आणि मला डोणी दिसली. कमरेएवढ्या पाण्याखाली, तळाशी, पोटात दगड भरून ती निजली होती. अज्जा बसतो त्या जागी एक खेकडा बसला होता, अगदी मालकासारखा. बारीक मासे एका कडेनं आत जात होते आणि दुसऱ्या कडेनं बाहेर येत होते. मला भीती नाही वाटली. मला एवढंच वाटलं की हे काय आहे ते आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे.

अज्जा काठावर बांबू तासत बसला होता. मी धावत गेले.

"अज्जा, तुझी डोणी बुडली!"

"बुडली न्हाई गे. म्याच घातली पान्यात."

"का?"

अज्जानं बांबू डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिला आणि मिशीत हसला. "तिला तान लागती. वरीसभर मला नेती आनती, मग दमती. आता पानी पिऊंदे पोटभर."

आता मला सांगा, नऊ वर्षांच्या पोरीनं यावर काय समजावं? मोठी माणसं पोरांना असंच सांगतात. चंद्रात ससा असतो, बी गिळलं की पोटात झाड उगवतं, जास्त बोललं की जिभेला हाड फुटतं. मी तेही त्याच गाठोड्यात टाकलं. अज्जा थट्टा करतोय, असं मला ठाम वाटलं, आणि थट्टा करणाऱ्याला अजून विचारून काय मिळणार? मी गप्प बसले. जन्मात जिथं एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता, नेमकी तिथं मी गप्प बसले.

आमच्या घरात माघ म्हणजे उन्हाचा महिना. त्या रानात पाऊस असा की आठ महिने दुकानात ओल मुरायची. चिंच बुरसायची, गुळाला पाणी सुटायचं, डाळीत अळ्या व्हायच्या. म्हणून माघ लागला की आई पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, "ऊन हाय तवर समदं भायेर काडा." गोण्या, घोंगड्या, चिंचेचे गोळे, हळदीची कांडं, देवांची वस्त्रं, वडिलांचं पंचांगसुद्धा अंगणात येई. ओलं म्हणजे वाया गेलेलं आणि ऊन म्हणजे वाचलेलं, हे आम्हा दुकानदाराच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. तुम्ही समजलातच, मी काय केलं असेल ते.

त्या माघात पलीकडची पाचही घरं उळवीच्या जत्रेला गेली. अज्जा गेला, जानकी गेली, गुरं राखायला एक म्हातारी तेवढी मागं राहिली, तिलाही डोळ्यांनी दिसत नव्हतं. जाताना जानकी म्हणाली, तुला बांगड्या आणते. मलाही वाटलं, आपण तिच्यासाठी, अज्जासाठी काहीतरी करावं. आणि खरं सांगायचं तर, ती डोणी वर आली की कशी दिसेल तेही मला बघायचं होतं. परोपकार आणि चौकशी यांतलं कुठलं जास्त होतं, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही.

दोन सकाळी मी आंघोळीच्या निमित्तानं कोंडात उतरले आणि एकेक दगड काढला. पाणी गार होतं. दगडाखाली हात घातला की शेवाळ बोटांत यायचं आणि खेकडा तिरपा तिरपा पळायचा. शेवटचे दोन दगड काढले आणि डोणी तळ सोडून हलली. हळूच, म्हैस उठते तशी, आधी मागची बाजू आणि मग पुढची. मला ओरडावंसं वाटलं, पण ऐकायला होतं कोण? मग दुकानातलं तेलाचं माप आणून मी पाणी उपसलं.

ओढून वर काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण त्याच दुपारी धारवाडकडच्या दोन गाड्या जत्रेला जाताना कोंडावर बैलांना पाणी पाजायला थांबल्या. त्यांच्यात दोन दांडगे तरुण होते. काळ्या मातीचे, कापसाच्या मुलखातले. झाडाची होडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"यारदु इदु?" एकानं विचारलं. कुणाचं हे?

"नम्म अज्जंदु," मी म्हणाले. आमच्या अज्जाचं. कानडी मला दुकानात बसून येत होतं. डोणी भिजून गेली आहे, वाळवायची आहे, असंही मी सांगितलं.

त्यानं लाकडावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि मान हलवली. "बिसिलु बेकु," तो म्हणाला. ऊन तर पाहिजेच. त्याच्या घरीही कापूस उन्हातच ठेवत असणार. मग काय, कासरा बांधला, बैल जुंपले, "एळी, एळी" म्हणजे ओढा, ओढा, असं ते ओरडले, डोणी सरसर वाळूवर चढली, आणि त्यांनी ती पालथी घातली, पोट वर करून, भर उन्हात. जाताना त्यांनी मला मूठभर चिरमुरे दिले. मी ते डोणीवर बसून खाल्ले. त्या दिवशीइतका अभिमान मला पुढं लग्नातही वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात चिंच फोडत होते. खालून आवाज आला, टक्. सुपारी फोडल्यासारखा. मी मान वर केली. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. कसला पक्षी असेल म्हणून मी उत्सुकतेनं खाली गेले.

डोणीच्या पोटावर एक रेघ उमटली होती. केसाएवढी. संध्याकाळी तिच्यात नख जात होतं, आणि पाचव्या दिवशी माझी करंगळी. मी पाण्याची कळशी आणून तिच्यावर ओतली. दुसरी ओतली. पाणी फटीतून खाली वाळूत गेलं. मला काही कळत नव्हतं आणि सगळं कळलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जत्रेहून अज्जा परत आला तेव्हा मी करंजामागं उभी होते. त्यानं खांद्यावरची पडशी खाली ठेवली, डोणीजवळ बसला आणि फटीवर तळहात ठेवला. बराच वेळ तो हात तसाच होता. वाळूवर चाकोऱ्या आणि खुरं उमटली होतीच. "जत्रंच्या लोकांनी ओडली," कुणीतरी म्हणालं. अज्जा म्हणाला, "तेंला काय ठावं बापड्यांला." मला रडू आलं, पण ते बापडे सुटले नाहीत आणि मी सुटले, याचा आनंदही झाला. तो आनंद आठवला की अजून लाज वाटते.

जानकीनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. मी त्या घातल्या आणि तिला काही सांगितलं नाही.

पण गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. पलीकडच्या घरांत बोलणं सुरू झालं. इतकी वर्षं डोणी कोंडात ठेवून माणसं जत्रेला गेली, कधी कुणा गाडीवानाला ती दिसली नाही, मग यंदाच कशी वर आली? दगड काय आपोआप निघाले? म्हणजे देवीनंच ती बाहेर टाकली. कोंडाच्या देवीला सोडून सोमा दुसऱ्या देवाच्या जत्रेला गेला, तिनं हात काढून घेतला. जानकीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. देवीला कौल लावायचं ठरलं होतं. तिकडे अडल्या गोष्टीला देवीच्या शिळेवर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावा कौल आला तर अज्जा वल्हं ठेवणार होता. आणि डोणी नाही तर पावसात त्या काठावर राहायचं कसं? घरं मोडून माणसं मृगाआधी पांगणार होती. जानकीचं घर दिग्गीकडे तिच्या मामाच्या गावी जाणार होतं.

"दिग्गी किती लांब?" मी विचारलं.

"लई लांब. ही न्हई थितनंच येती म्हनतंत."

नदी येते कुठून हे मला कित्येक दिवस जाणून घ्यायचं होतं. पण त्या दिवशी उत्तर मिळालं तेव्हा मला ते नको होतं.

कौलाच्या आदल्या दिवशी मी दगडांवरून पलीकडे गेले. अज्जा मांडवात सूप विणत होता. मी आधी त्याच्यासमोर खाली बसले.

"अज्जा, देवीनं न्हाई काढली डोणी. मी काढली. दगड मी काढले. ओली झाली म्हणून उनात घातली."

अज्जाचे हात थांबले. "तू? एकली?"

"बैल त्यांचे. पण सांगितलं मी."

"म्या तुला सांगिटलं व्हतं न्हवं? तान लागती म्हून."

"मला थट्टा वाटली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मार खायला तयार होते. मार मिळाला असता तर बरं झालं असतं. पण तो सूप बाजूला ठेवून सावकाश सांगू लागला, जणू मी मोठी बाई आहे. कोरलेलं झाड मेलेलं नसतं, त्याच्या अंगातलं पाणी एकदम गेलं की ते तडकतं, म्हणून कोरड्या महिन्यांत त्याला पाण्याखाली सावलीत ठेवायचं. दगड घालायचे ते तरंगू नये म्हणून. बापानं त्याला शिकवलं, बापाला आजानं. एवढं सगळं त्या एका 'तान लागती'च्या पोटात होतं, आणि त्यानं ते हसत हसत मला देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवराईत दोन्ही काठांची माणसं जमली. माझे आईवडीलही होते. पुजाऱ्यानं शिळेवर पाकळ्या चिकटवल्या. प्रश्न घालायच्या आधी अज्जा उठला. मला वाटलं, आता माझं नाव घेणार आणि मी संपले. नाव त्यानं घेतलंच.

"डोनी गोदीनं उनात घातली. दुकानदाराच्या पोरीनं. खरं तिनं मला आदी इचारलं व्हतं, आनी म्या थट्टंवारी न्हेलं. पोरगी इचारती आनी म्हातारा हसतो. चूक कुनाची ते तुमी सांगू नगा. देवीला येवडंच इचारा, म्या वल्लं धरू का नगो."

आईनं माझा दंड असा धरला की तिची बोटं दोन दिवस उमटून होती. पण सगळ्यांचे डोळे शिळेकडे होते. पाकळी हलेना. मी पुढं बसले होते म्हणून मला दिसलं, उजव्या पाकळीखाली एक मुंगी अडकली होती आणि ती धडपडत होती. पाकळी पडली. उजवी. लोकांनी हात जोडले, जानकी रडायला लागली, अज्जानं शिळेपुढं डोकं टेकलं. मुंगीची गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मुंगी देवीनं पाठवली होती का, हा प्रश्न मला अजून पडतो, आणि त्याचं उत्तर मिळू नये असंही वाटतं.

घरी जाताना वडील अज्जाला म्हणाले, "हिनंच फोडली न्हवं? मग डोणी जंवर गळती तंवर पाणी हीच उपसंल." आई म्हणाली, "पोरीला बुडवूलालाय काय?" वडिलांनी शब्द फिरवला नाही.

मग चैत्र-वैशाख डोणी पुन्हा कोंडात निजली. पोटात दगड घालायला मी आणि जानकी होतो. फट हळूहळू मिटत आली, करंगळी जाईना, मग नख जाईना. जेवढी राहिली तेवढीत अज्जानं काथ्या ठोकला आणि वर तेलात कढवलेली राळ ओतली. आईनं, रागातच, आपलं जुनं लुगडं फाडून पट्ट्या दिल्या. मी प्रत्येक गोष्ट विचारत होते. राळ कुठल्या झाडाची, गरमच का ओतायची, थंड झाल्यावर ती काळी का पडते. अज्जा प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून सांगायचा. "आता इचार. म्या खरं असंल तेच सांगीन," तो म्हणाला होता, आणि त्यानं तो शब्द पाळला.

ती डोणी पुढं चार पावसाळे चालली. पाच घरं तिथंच राहिली. जानकी माझ्याकडे येत राहिली, आणि मग मीच तिच्याआधी लग्न होऊन खानापूरला आले. इथं मलप्रभा आहे, तिच्यावरही पावसात होड्या असतात, पण त्या फळ्यांच्या. त्या उन्हाळ्यात कुठं ठेवता, असं मी एकदा नावाड्याला विचारलं होतं. "छपराखाली," तो म्हणाला, आणि या बाईला काय करायचंय, अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिला.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या फेरीबद्दल. आषाढ लागला होता. वरचे दगड केव्हाच पाण्याखाली गेले होते आणि पलीकडे मीठ संपलं होतं. कोंड आता हिरवा नव्हता, मातकट होता, आणि त्यात पानं, फांद्या, कुठल्याशा लाल फुलांचा एक अख्खा झुबका गोल गोल फिरत होता. वडिलांनी मिठाची गोण डोणीत ठेवली, तेलाचं माप माझ्या हातात दिलं आणि मला उचलून फटीजवळ बसवलं. पलीकडच्या काठावर जानकी उभी होती, डोक्यावर इरलं, बोटाएवढी दिसत होती.

अज्जानं काठी रोवून डोणी ढकलली. काठ मागं गेला. मध्यावर पोचलो तेव्हा मांडीखाली गार वाटलं. राळेच्या कडेनं पाणी आत येत होतं. आधी थेंब, मग धार. मी माप भरून बाहेर टाकलं, पुन्हा भरलं. धार थांबेना. मिठाची गोण खालून काळी पडू लागली. मी मान वर करून अज्जाकडे पाहिलं. तो समोर बघत जोरानं वल्हं मारत होता आणि त्याच्या गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या.

"अज्जा, बुडू का आपण?"

त्याला हसता आलं असतं. बुडतो कसले, कोंड माझा मावसभाऊ हाय, असं काहीतरी म्हणता आलं असतं. माझ्या ओळखीच्या कुठल्याही मोठ्या माणसानं तसंच म्हटलं असतं. त्यानं एकदा फटीकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या काठाकडे, आणि मग माझ्याकडे.

"म्हाईत न्हाई गे," तो म्हणाला. "उपस."

मी उपसू लागले.